बारा एमबीची अळी

माझ्या मायनं तिच्या एकुलत्या एका भावाशी तीन महिने अबोला धरला, तो एका अळीवरून. अळी जेमतेम अर्ध्या इंचाची होती. एवढ्याशा जिवापायी अख्खा साखरपुडा अडून बसेल असं कोणाला वाटलं नव्हतं, आणि तो कोणामुळं अडला हे आमच्या नातेवाइकांत अजूनही माझ्याकडं बोट दाखवून सांगितलं जातं.

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातली पऱ्हाटी आतून पोखरून काढली, त्या वर्षीची ही गोष्ट. (पऱ्हाटी म्हणजे कपाशी. कपाशीला कपाशी आमच्याकडं फक्त पेपरात म्हणतात.) बियाणं बीटीचं होतं. बीटीच्या बोंडात अळी शिरत नाही आणि शिरलीच तर मरते, असं पाकिटावर छापलेलं होतं. शिवाय आमच्या घरी ते पाकीट दुकानातून आलेलं नव्हतं, ते दिगंबरमामाकडून आलेलं होतं. मामाचं मेहकरला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचं औषध, सगळं मिळतं. दर मृगाच्या आधी मामा बहिणीसाठी बियाण्याच्या ब्यागा आपल्या हातानं निवडून बाजूला ठेवायचा. एका कंपनीच्या, एका लॉटच्या ब्यागांत तो काय निवडायचा हे मला कधी कळलं नाही, पण तो निवडायचा, आणि मायला त्याचं फार कौतुक होतं.

भाऊबीजेला मामा जानेफळला आमच्या घरी आला. पाट मांडला, रांगोळी झाली, निरांजन पेटलं. माय हातात ताट घेऊन उभी राहिली आणि गुळाचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "दिगू, तू देल्लेल्या पऱ्हाटीत अळी निंघाली बरं."

"काहीच्या काही. बीटी हाय ते."

"बीटी असन. पन अळी हाय. बोंड फोडलं की आत गुलाबी होऊन बसेल राह्यते."

"दुसऱ्याच्या वावरात असन. तुह्या ब्यागा मी सोता निवडून देल्ल्या."

"मी वेचून राह्यली ना पऱ्हाटी. मले नाही दिसत का?"

यावर मामानं गप्प बसायचं होतं. समोर निरांजन, डोक्यावर टोपी, पोटात भूक, गप्प बसायला सगळं अनुकूल होतं. पण मामा म्हणाला, "ताई, तू पहिले चष्म्याचा नंबर बदल."

माझ्या मायनं चाळीस वर्षं कापूस वेचला आहे. चांगला कापूस कोणता आणि कवडी कोणती, म्हणजे किडक्या बोंडातला आखडून पिवळा पडलेला कापूस कोणता, हे तिची बोटंच ओळखतात. डोळ्यांना विचारायची तिला गरज पडत नाही. मायनं ताट खाली ठेवलं. "जवर तू सोताच्या तोंडानं अळी हाय म्हनत नाही," ती म्हणाली, "तवर मी तुले ओवाळत नाही."

मामा तसाच उठून गेला. बाबांनी त्याच्या वाटच्या करंज्या खाल्ल्या आणि कोणाचीच बाजू घेतली नाही.

चार दिवसांनी मायनं किडकी बोंडं डब्यात भरून बाबांना मेहकरला पाठवलं. बाबा संध्याकाळच्या एसटीनं डबा घेऊन परत आले. "काय म्हने?" मायनं विचारलं.

"म्हने, भाऊजी, हे बोंड कोनाच्याबी वावरातलं असू शकते."

"अन् तुमी काय म्हनलं?"

"मी म्हनलं, असू शकते."

माय बराच वेळ बाबांकडं पाहत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. सगळ्या अनर्थाची सुरुवात इथून झाली, कारण घरात बाबांच्या खालोखाल भरवशाचा माणूस म्हणून तिला मी वाटलो.

माझी ओळख करून देतो. मी गोपाल. जानेफळच्या स्टँडजवळ माझं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, दुरुस्ती, आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत, 'गाणे व पिक्चर भरून मिळतील'. त्या काळी लोक मेमरी कार्ड घेऊन यायचे आणि मी त्यात पिक्चर भरून द्यायचो. आता आठ जीबीच्या कार्डात पिक्चर मावणार किती? दुसरा दुकानदार दहा भरायचा, मी चाळीस भरायचो. प्रत्येक पिक्चर कन्व्हर्ट करून इतका लहान करायचो की गिऱ्हाईक खूश, कार्ड खूश. पिक्चर खूश होता का, हे विचारण्याची पद्धत नव्हती. कोंबण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

"गोप्या," माय म्हणाली, "शूटिंग कर. पन शूटिंगमंधी तीन गोष्टी दिसल्या पाह्यजे. वावर दिसलं पाह्यजे, आपलंच हाय म्हनून. मी दिसली पाह्यजे, मीच फोडून राह्यली म्हनून. अन् अळी दिसली पाह्यजे."

"अळी एवढीशी हाय, माय."

"म्हनून तर तुले सांगून राह्यली. तुह्या फोनचं मोठं कवतिक सांगतं ना तू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात शूटिंग झालं. माझा फोन नवा होता, फुल एचडी. आधी विहीर घेतली, मग धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, निंब घेतला, म्हणजे वावर आमचंच हे कोर्टातही टिकलं असतं. मग मायला घेतलं. ती मुद्दाम निळं लुगडं नेसली होती. ती एकेक बोंड तोडायची, अंगठ्यानं फोडायची आणि फोनपुढं धरायची. तोंडानं तिचं काही ना काही बोलणं चालू होतं. मी ऐकत नव्हतो, माझं सगळं लक्ष फोनमधे जागा किती उरली याकडं. शेवटी एक अळी तिच्या तळहातावर उतरली आणि चालायला लागली. सहा मिनिटांचा व्हिडिओ, नऊशे एमबी. मी घरी येऊन पाहिला तर मायच्या हाताच्या रेषा दिसत होत्या, त्या रेषांत बसलेला काळा चीक दिसत होता, आणि त्यावरून गुलाबी अळी आपल्या चालीनं चाललेली. इतकं चांगलं शूटिंग मी आयुष्यात पुन्हा केलं नाही. तेव्हाच फोन बंद करून माळ्यावर टाकला असता तर बरं झालं असतं.

पण नऊशे एमबी! ज्या माणसानं अख्खा तीन तासांचा पिक्चर दोनशे एमबीत बसवला, त्याच्या फोनमधे सहा मिनिटांच्या अळीनं नऊशे एमबी जागा अडवायची, हे मला पटेना. मी दुकानात जाऊन व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला आणि कन्व्हर्ट केला. साठ एमबी झाला. लावून पाहिला. वावर होतं, माय होती, अळी होती. जरा फिकी वाटली, पण अळीनं काय लाल मिरचीसारखं दिसावं? मी फोनमधला मूळ व्हिडिओ उडवला.

बाबांनी विचारलं, "लहान केल्यानं काही कमी तं नाही होत ना?"

मी त्यांना जिनिंगचा दाखला दिला. म्हटलं, बाबा, आपला कापूस ट्रॅक्टरची ट्रॉली भरून जिनिंगला जातो. तिथं मशीन त्याला दाबून गाठ बांधते. जागा कमी लागते, पण कापूस कमी होतो का? तेवढाच राहतो. गाठ सोडली की पुन्हा फुगतो. व्हिडिओचं अगदी तसंच आहे. हा दाखला मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा दिला होता की माझाही त्यावर विश्वास बसला होता. बाबांना तो फार आवडला. त्यांनी तो पुढं चार लोकांना सांगितला, त्यामुळं नंतर त्यांनाही चार लोकांना तोंड दाखवणं जड गेलं.

मग मायनं तिचा फोन पुढं केला. तिच्याकडं बटनांचा साधा फोन. "यात टाकून दे. मी संगं ठेवीन." त्या फोनला मोठा व्हिडिओ चालत नाही, त्याला थ्रीजीपी लागते. मी साठाचा बारा केला. बारा एमबी! मला स्वतःच्या हाताची दृष्ट काढावीशी वाटली. माय तो व्हिडिओ वेचणीला आलेल्या बायांना दाखवायची, एसटीत शेजारच्या बाईला दाखवायची, शेगावला दर्शनाच्या रांगेत उभी असताना पुढच्या-मागच्या दोघींना दाखवायची. काडेपेटीएवढा स्क्रीन, त्यावर तिचं बोट. "हे पाह्य, हे पाह्य, आता चालते." आणि बाया म्हणायच्या, "हाव व माय, दिसली." एकही बाई दिसली नाही असं म्हणाली नाही. मलाही वाटायचं, दिसते आहे. आता विचार करतो तर वाटतं, त्यांना अळी दिसतच नव्हती, त्यांना माय दिसत होती, आणि माय खोटं बोलत नाही हे तिच्या तोंडाकडं पाहिलं की कळतं.

लग्नसराई जवळ आली. दुकानाचा कॉम्प्युटर भरला. गिऱ्हाइकांच्या वरातीची गाणी ठेवायला जागा नाही. मी आत डोकावलो तर साठ एमबीची अळी तिथं पडलेली. म्हटलं, मायच्या फोनमधे एक आहेच. एकाच अळीच्या दोन कॉप्या कशाला? उडवली.

याच सुमारास बाबांनी पऱ्हाटी उपटून टाकली, कारण कृषी खात्याचं सांगणं होतं की अळीचा वंश बुडवायचा असेल तर झाडं शेतात ठेवू नका. वावर रिकामं झालं. म्हणजे आता जगात मायच्या म्हणण्याला पुरावा एकच होता, आणि तो बारा एमबीचा होता.

इकडं मामाच्या पोरीचं, वैष्णवीचं, लग्न जमलं. माघात साखरपुडा ठरला. वैष्णवी मायची अतिशय लाडकी. तिचा रोज फोन यायचा, "आत्या, येशील ना?" माय म्हणायची, "तुह्या बापाले इचार," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत बसायची. तांदूळ तिनं त्याआधीच निवडलेले असायचे. भाऊ लहान असताना आईविना तिनंच त्याला वाढवलेला, आणि आता त्याच्या पोरीच्या साखरपुड्याला आत्याच नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील, यापेक्षा आपल्याला कसं करमेल, ही तिची चिंता होती. ती तिनं बोलून नाही दाखवली. आम्हाला कळत होती.

शेवटी मामाचा निरोप आला, बाबांमार्फत. "ताईले म्हना, साखरपुड्याले ये अन् व्हिडिओ घेऊन ये. चार लोकांत दाखव. अळी दिसली तं चार लोकांत कबूल करतो. नाही दिसली तं चार लोकांत मले ओवाळ."

माय म्हणाली, "मंजूर." मग माझ्याकडं वळली. "गोप्या, व्हिडिओ नीट हाय ना रे?"

"हाव, माय."

"मोठ्या टीव्हीवर दिसन ना?"

"गाठ सोडतो ना," मी म्हणालो.

मी मायच्या फोनमधली बारा एमबीची अळी घेतली, कॉम्प्युटरला लावली, आणि कन्व्हर्टरमधे सगळ्यात मोठा आकडा निवडला. फुल एचडी. हाय क्वालिटी. यंत्र बराच वेळ घरघरलं. मग फाईल तयार झाली. नऊशे एमबी! बरोबर मूळ होता तेवढा. मी बाबांना बोलावून दाखवलं.

"बाराचे नवशे?" बाबा म्हणाले.

"पंच्याहत्तर पट."

"पऱ्हाटी अशी वाढली असती तं," बाबा म्हणाले आणि तंबाखू मळत बाहेर गेले.

व्हिडिओ लावून पाहिला का, असं मला नंतर खूप लोकांनी विचारलं. नाही पाहिला. आकडा पाहिला होता. नऊशेचा आकडा दिसल्यावर आत काय आहे ते उघडून पाहायची मला गरज वाटली नाही. फाईलला नाव दिलं, 'अळी फायनल', पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि साखरपुड्यासाठी दाढी करायला गेलो.

मेहकरला मामाच्या घरी मांडव पडलेला. लोणारकडचे पाहुणे आलेले, नवऱ्या मुलाचे वडील, काका, बाया, सगळे मिळून पन्नासेक माणसं. माय फाटकातून आत आली ती सरळ ओट्यावर बसली. मामी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"पहिले व्हिडिओ," माय म्हणाली.

"ताई, निदान घोटभर पानी तं घ्या."

"मंग घेईन."

आतून वैष्णवीला कळलं. ती शालू नेसून, केसात गजरा माळून तयार होती. तिनं आतूनच सांगितलं, "आत्या घरात आल्याशिवाय मी पाटावर बसत नाही." बापाचा हट्ट, आत्याचा हट्ट, त्यात ही दोघांची वाटणी घेऊन जन्मलेली. भटजी म्हणाले, मुहूर्ताला अर्धा तास आहे. पाहुणे म्हणाले, काय अडलं? मामा म्हणाला, "काही नाही, एक व्हिडिओ पाह्याचा हाय." पाहुण्यांना वाटलं लग्नाआधीचा व्हिडिओ असतो आजकाल, तोच असेल. सगळे हौसेनं टीव्हीपुढं येऊन बसले.

टीव्ही मामाला बियाण्याच्या स्कीममधे मिळालेला, त्रेचाळीस इंची. माय उंबऱ्याशी उभी राहिली, आत नाही आणि बाहेर नाही. मामा चष्मा लावून पुढच्या खुर्चीवर बसला. मी पेन ड्राइव्ह लावला, 'अळी फायनल'वर बटन दाबलं आणि नम्रपणे बाजूला झालो.

टीव्हीवर हिरवे चौकोन आले.

लोकांना वाटलं, सुरुवात असेल. चौकोन हलले, काही मोठे झाले, काही एकमेकांत शिरले.

"हे काय हाय?" नवऱ्या मुलाच्या काकांनी विचारलं.

"वावर," मी म्हणालो.

"अन् हे काळं?"

"विहीर."

"विहीर चौकोनी हाय?"

"गोल हाय. दिसून राह्यली चौकोनी."

मग पडद्यावर निळा मोठा ठोकळा आला. "हे आभाळ हाय का?" एका बाईनं विचारलं.

"ते माय हाय," मी म्हणालो.

सगळ्यांनी वळून उंबऱ्याकडं पाहिलं. मग पुन्हा टीव्हीकडं पाहिलं. मायच्या तोंडाच्या जागी गव्हाच्या रंगाचे सहा-सात ठोकळे होते आणि ते बोलत होते. आवाज मात्र येत होता, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. "हे पाह्य, हे एक बोंड," ठोकळे म्हणाले.

मामानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. टीव्हीच्या जवळ गेला. "अळी कुठी हाय?"

"आता येईन," मी म्हणालो.

"हे काय, गुलाबी?"

"तो मायचा अंगठा हाय."

"अन् हे?"

"तोबी अंगठाच हाय."

सगळे पुढं सरकले. प्रत्येकाला काहीतरी दिसायला लागलं. एकाला खालच्या कोपऱ्यात दिसली, ती मामाच्या टीव्हीवरची धूळ निघाली. भटजींना दोन दिसल्या. "हे पाह्य," डब्यातला आवाज म्हणाला, "हातावर चालून राह्यली." पडद्यावर राखी रंगाचा एक ठोकळा होता. तो अळी नव्हता. तो तळहात होता. त्यावर काहीही चालत नव्हतं.

साखरपुड्याच्या शूटिंगला रफिकभाई आलेले. मेहकरचे जुने व्हिडिओवाले, खांद्यावर कॅमेरा. ते इतका वेळ मागं उभे राहून पाहत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "ओरिजनल कुठी हाय?"

"उडवला."

"काऊन?"

"जागा नव्हती."

"अन् हा कशातून बनवला?"

"साठातून बारा केला, बारातून नवशे केला."

रफिकभाईंनी कॅमेरा खाली ठेवला. कोणी गेल्यावर ठेवतात तसा ठेवला. "अरे भाऊ," ते म्हणाले, "कॉम्प्युटर लहान करते म्हनजे दाबत नाही. बारीक-सारीक फेकून देते. पहिल्या बार अळीचा रंग फेकला असन. दुसऱ्या बार अळीच फेकली. आता तू नवशे काय, नव हजार कर. फेकेल माल वापस कुठून येईन? त्यानं नुसते चौकोन मोठे केले."

हे त्यांनी हळू सांगितलं होतं, पण टीव्हीपुढं इतकी शांतता होती की पन्नास माणसांनी ऐकलं. बाबांनीही ऐकलं. जिनिंगचा दाखला त्यांचा नुकताच व्याह्यांना सांगून झाला होता.

मामा मागं वळला. जिंकल्याचं तोंड लपवायचा त्यानं प्रयत्न केला, पण ते लपेना. "ताई," तो म्हणाला, "म्या पाह्यलं. जवळून पाह्यलं. अळी नाही."

मायनं एकदा माझ्याकडं पाहिलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. चाळीस वर्षं कापूस वेचलेली बाई, भर मांडवात, पन्नास लोकांपुढं खोटी पडली होती, आणि तिला खोटी पाडणारं अवजार मी माझ्या हातानं, फार हुशारीनं बनवलं होतं. मला तिथल्या तिथं जमीन दुभंगून हवी होती. ती मेहकरची जमीन, मुरमाड, ती काही दुभंगली नाही.

टीव्ही बंद करायचं कोणाला सुचलं नाही. चौकोन हलत राहिले, आणि आवाज चालू राहिला. मी शूटिंगच्या दिवशी जो ऐकला नव्हता, तो.

"हे नऊ. हे दहा. हे अकरा... अकरा बोंडं फोडली दिगू, आठात निंघाली." मधे वारा, पाखरांचा आवाज. मग पुन्हा, "तुह्यावर माहा राग नाही रे. तू निवडून देल्ली, मले मालूम हाय. तुले कंपनीनं सांगतलं, तू आमाले सांगतलं. पन आता पाह्यून घे बापा. पुढल्या साली लोकाइले देशीन ना, तं सांगून दे, की अळी येते म्हनून, ध्यान ठेवा म्हनून. तुह्या नावानं लोक घेतात. मंग लोक तुले बोलतीन. ते मले ऐकवनार नाही."

व्हिडिओ संपला. टीव्हीवर पेन ड्राइव्हची यादी आली, त्यात एकच नाव, 'अळी फायनल'.

नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे होणारे व्याही, लोणारकडचे कास्तकार. ते खुर्चीतून उठले नाहीत, नुसते घसा साफ करून म्हणाले, "अळी तं मले दिसली नाही. पन बाईनं मोजलं ते बरोबर हाय. आमच्या वावरात मी वीस बोंडं फोडली, पंधरात निंघाली." मग नवऱ्या मुलाचे काकाही म्हणाले, आमच्याकडंबी. मग मागून कोणीतरी म्हणालं, आमच्याकडंबी. थोड्या वेळात लक्षात आलं की मांडवात अळी न निघालेला माणूस एकटा भटजीच होता, कारण त्याला वावर नव्हतं.

मामा टीव्हीपाशीच उभा होता. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. त्याचे डोळे भरले होते आणि तो नाक ओढत होता.

"ताई," तो म्हणाला, "अळी होती."

"चार लोकांत म्हन," माय उंबऱ्यातून म्हणाली.

"चार लोकांतच म्हनून राह्यलो. मले दिवाळीतच मालूम होतं. दुकानात रोज धा जन येऊन सांगून राह्यले होते. तुह्यापुढं हो म्हनाले जीभ वळली नाही." मग तो पाहुण्यांकडं वळला आणि पुढचं अगदी दुकानदाराच्या आवाजात बोलला. "अळी होती. माह्या बियाण्यानं मेली नाही. माह्या औषधानं मेली नाही." त्यानं हात लांब करून माझ्याकडं बोट दाखवलं. "ताईच्या या पोरानं मारली."

आधी व्याही हसले. मग पन्नास माणसं हसली. मायनं तोंडाला पदर लावला, पण तिचे खांदे हलत होते. रफिकभाईंनी तेवढ्यात कॅमेरा उचलून माझं तोंड घेतलं. (ते शूटिंग आजही आहे, फुल एचडी, ओरिजनल. रफिकभाई काही उडवत नाहीत.) माय उंबरा ओलांडून आत आली, मामीच्या हातातला तांब्या घेऊन गटागटा पाणी प्याली, आणि साखरपुड्यासाठी ठेवलेलं ताट उचलून तिनं आधी भावाला ओवाळलं. भटजी म्हणाले मुहूर्त चालला. वैष्णवी म्हणाली, "थांबा ना महाराज, तीन महिन्याची भाऊबीज हाय."

पुढच्या हंगामात मामानं दुकानात स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली, की बीटी असलं तरी बोंडं फोडून पाहत चला. पाटी वाचून गिऱ्हाईक औषधाचं विचारू लागलं, की मामा गंभीर तोंडानं माझा पत्ता द्यायचा.

असेच दोन कास्तकार एका दुपारी माझ्या दुकानात आले. पार सिंदखेडराजाकडून आलेले, घामानं निथळत. त्यांना पाणी दिलं. एकजण म्हणाला, "भाऊ, मेहकरच्या कृषी केंद्रवाल्यानं धाडलं. बोंडअळीवर लय जालीम इलाज हाय म्हने तुमच्यापाशी. नावनिशान राहत नाही म्हने."

मी कॉम्प्युटरकडं पाहिलं. खोटं बोलावंसं वाटेना.

"हाय," मी म्हणालो. "पन अळीसंगं वावरबी जाते. अन् मायबी जाते."